रडून झाल्यावर



वाचनालयाच्या या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मयावर बोललं गेलं, राज्यघटनेवर, शेतीवर, नाट्यसंगीतावर बोललं गेलं. यंदा मी 'एक इंग्रजी प्रेमकादंबरी आणि तिची वाचक' असा विषय कळवला, तेव्हा कार्यवाहांचा फोन आला. विषय थोडा व्यापक करता येईल का, असं त्यांनी फार सौजन्याने विचारलं. त्या सौजन्यामागची काळजी मला समजली. प्रेमकादंबरी ही आपल्याकडे वाचायची गोष्ट आहे, चारचौघांत बोलायची नाही. वाचनालयातल्या तिच्या प्रतीवर सगळ्यांत जास्त तारखांचे शिक्के असतात आणि वार्षिक अहवालात तिचं नावही नसतं. ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी मात्र अशी पुस्तकं कधी मागच्या कपाटात ठेवली नाहीत. म्हणून मी विषय व्यापक केलेला नाही.

कादंबरी आहे जोजो मॉईज यांची 'मी बिफोर यू'. मॉईज मुळात पत्रकार. कादंबरी २०१२ साली इंग्लंडमध्ये आली, २०१६ साली तिच्यावर चित्रपट निघाला, आणि आपल्याकडे कॉलेजच्या मुलींपासून निवृत्त शिक्षिकांपर्यंत अनेकींनी ती वाचली. मी शेवट सांगणार आहे. तो न सांगता या पुस्तकाबद्दल काही बोलताच येत नाही.

लुईझा उर्फ लू क्लार्क, वय सव्वीस, एका किल्ल्याच्या आडोशाने वसलेल्या लहान गावात राहते. ज्या कॅफेत ती काम करते तो बंद पडतो. वडिलांच्या नोकरीचा भरवसा नाही, बहीण लहान मुलासह माहेरीच, आजोबांचं दुखणं घरातच. तिला मिळेल ते काम हवं असतं. ते मिळतं ट्रेनर नावाच्या श्रीमंत घरात. तिथला मुलगा विल, पस्तिशीचा, लंडनमध्ये कंपन्यांच्या खरेदीविक्रीचे व्यवहार करणारा, डोंगर चढणारा, समुद्रात उड्या मारणारा. एका पावसाळी सकाळी तो स्वतःची मोटरसायकल घरीच ठेवतो, कारण रस्ता ओला आहे. टॅक्सी पकडायला निघतो आणि दुसऱ्याच कुणाच्या मोटरसायकलखाली सापडतो. मानेपासून खाली शरीर जवळजवळ निकामी होतं. आत्महत्येचा एक प्रयत्न फसल्यावर त्याने आईवडिलांना सहा महिने दिले आहेत. त्यानंतर स्वित्झर्लंडमधल्या 'डिग्निटास' या संस्थेत जाऊन तो मरण घेणार आहे. लूला हे आधी माहीत नसतं. कळतं तेव्हा ती ठरवते की या मुदतीत आपण याचा विचार बदलायचा. प्रेम जमतं. विचार बदलत नाही. तो जातो, आणि शेवटी ती त्याच्या जवळ असते.

मी ही कादंबरी दोन बैठकींत वाचली आणि रडले. हे सांगायला मला लाज वाटत नाही. पण कुठे रडले हे सांगितलं पाहिजे, कारण त्यातच माझा मुद्दा आहे. स्वित्झर्लंडच्या प्रकरणात माझे डोळे कोरडे होते. रडू आलं ते एका वाढदिवसाच्या जेवणात. लूने कधीतरी बोलता बोलता विलला सांगितलेलं असतं की लहानपणी तिच्याकडे काळ्यापिवळ्या पट्ट्यांचे, भुंग्याच्या अंगासारखे लांब मोजे होते आणि ते तिचे जीव की प्राण होते. मोठ्या माणसांच्या मापात तसे मोजे मिळत नाहीत. गप्पा पुढे सरकतात. बऱ्याच पानांनंतर तिच्या वाढदिवसाला विल तिच्या घरी येतो. तिचा कित्येक वर्षांचा मित्र पॅट्रिक, ज्याला स्वतःच्या धावण्यापलीकडे काही दिसत नाही, तिला गळ्यात घालायचा एक दागिना देतो. तो तिला शोभत नाही. मग विलच्या पुडक्यातून ते काळेपिवळे मोजे निघतात, तिच्या मापाचे.

ज्याला स्वतःचा हात उचलता येत नाही, त्याने कुठेतरी चौकशी करून, कुणाला तरी सांगून, मागवून ते मिळवले. ही बाई काय म्हणाली ते त्याने ऐकलं होतं आणि लक्षात ठेवलं होतं. बस, एवढंच. आमच्या पिढीच्या बायकांना वाढदिवसाला काय काय मिळालं, याची यादी मी इथे वाचत नाही. सभागृहात काही यजमानही बसले आहेत.

या रडण्यात कारागिरी आहे. मोज्यांचा उल्लेख आधी विनोदाच्या वेष्टनात येतो, वाचक हसून पुढे जातो, आणि लेखिका ते विसरल्याचं सोंग करते. ना. सी. फडके यांनी १९३१ च्या 'प्रतिभासाधना'त कथानकाची बांधणी, गुंतागुंत, वाचकाचं कुतूहल खेळवणं यांबद्दल जे सांगितलं, त्याच शाळेतला हा धडा आहे. फडक्यांना आपण 'तंत्रवाले' म्हणून नाक मुरडलं. पण तंत्राशिवाय कुणी रडत नाही. खऱ्या आयुष्यात तरी लोक रडतात ते बहुतेक वेळा उशिरा आणि भलत्याच निमित्ताने: अंत्ययात्रेत नाही, पंधरा दिवसांनी कपाटात चष्म्याचं घर सापडल्यावर. मॉईजबाईंना हे नेमकं ठाऊक आहे. म्हणून त्यांनी मरण जवळजवळ कोरडं लिहिलं आणि ओल मोज्यांत ठेवली.

आता या पुस्तकाने वाचकाशी केलेल्या दगाबाजीकडे येते. प्रेमकादंबरी हा एक करार असतो. अमेरिकेतल्या प्रेमकथालेखकांच्या संघटनेने तर त्याची कलमंच लिहून ठेवली होती: मध्यभागी प्रेमकथा हवी आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशेचा हवा. जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेने अमेरिकेच्या मध्यभागातल्या एका गावातल्या नेमाने प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांशी बोलून १९८४ साली 'रीडिंग द रोमान्स' हे पुस्तक लिहिलं. गावाचं खरं नाव तिने झाकलं आणि त्याला 'स्मिथटन' म्हटलं. त्या बायकांपैकी काही जणी पुस्तक घेण्याआधी शेवटची पानं वाचून बघत. विद्यापीठातल्या लोकांना हे हास्यास्पद वाटतं. मला ते अत्यंत शहाणपणाचं वाटतं. दिवसभर नवऱ्याचं, मुलांचं, सासूचं मन सांभाळणाऱ्या बाईने दोन तास स्वतःसाठी काढले, तर त्या दोन तासांत तिला आणखी कुणाचं मरण सांभाळायचं नसतं. रॅडवेला त्या बायकांनी सांगितलेली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट पुस्तकांतल्या नायकांबद्दल नव्हतीच. वाचत बसलेलं असताना घरातलं कुणी आपल्याकडे काही मागत नाही, ही ती गोष्ट होती.

'मी बिफोर यू' हा करार पाळल्यासारखं दाखवते आणि शेवटी मोडते. भांडखोर गरीब मुलगी, तिरसट श्रीमंत पुरुष, हळूहळू विरघळणारा गर्व. सगळी ओळखीची चिन्हं जागच्या जागी आहेत. वाचणारीला वाटतं, आता हा मॉरिशसच्या समुद्रकिनाऱ्यावर हो म्हणणार. तो नाही म्हणतो. लू रागाने त्याच्याशी बोलणं टाकते, आणि मला ती त्या क्षणी अतिशय खरी वाटते, कारण तोवर वाचकही तितकाच चिडलेला असतो. माझ्या ओळखीच्या एका मुलीने तिथे पुस्तक मिटलं ते आठवडाभर उघडलं नाही. विचारलं तर म्हणाली, "मावशी, मी त्याच्यावर रुसले होते."

हा रुसवा आजचा नाही. १७४७ आणि १७४८ या दोन वर्षांत सॅम्युअल रिचर्डसनची 'क्लॅरिसा' लंडनमध्ये खंडाखंडांनी प्रसिद्ध होत होती. नायिका मरणार अशी कुणकुण लागल्यावर एका वाचक बाईने 'बेलफोर' असं खोटं नाव घेऊन लेखकाला पत्रं लिहिली. शेवट सुखाचा कर, अशी गळ घातली. ती लेडी ब्रॅडशे होती. रिचर्डसनने ऐकलं नाही. शेवटचे खंड वाचताना आपली काय दशा झाली ते तिने त्याला कळवलं: पुस्तक खाली ठेवायचं, रडायचं, खोलीत फेऱ्या मारायच्या, डोळे पुसायचे, पुन्हा उचलायचं. तिची बहीण लेडी एकलिन आणखी पुढे गेली. तिने बसून 'क्लॅरिसा'चा स्वतःला पटणारा वेगळा शेवट लिहून काढला. एक बहीण रडली आणि दुसरी भांडली, असं म्हणायचा मोह होतो, पण ते चूक होईल. पत्रं वाचली तर रडणारी बहीणही सगळा वेळ भांडतच होती.

इथे मला न. चिं. केळकरांची आठवण येते. १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण आपण आपण आहोत ही जाणीव सोडत नाही. त्या दुहेरी अवस्थेत वाङ्मयाचा आनंद आहे, असा तो विचार. पुढे करुण रसाने आनंद का होतो यावर मराठीत पुष्कळ खल झाला, रा. श्री. जोगांनी 'अभिनव काव्यप्रकाशा'त तो नीट मांडला, आणि मग तो परीक्षेचा प्रश्न होऊन मेला. पण केळकरांचं ते सूत्र प्रेमकादंबरी वाचणाऱ्या बाईला लावून कुणी पाहिलं नाही. लावून पाहिलं तर लक्षात येतं की आपण तिला भाबडी समजतो ती समाधीकडेच बघून. तिचा विकल्प आपल्याला दिसत नाही. ती रडते तेव्हाही तिच्यातली एक बाई बाजूला पदर खोचून उभी असते आणि म्हणत असते, हे काही बरोबर नाही.

मराठी कादंबरीत अश्रूंना पूर्वी काम असायचं. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' १८९० नंतर 'करमणुकी'तून क्रमशः येत होती, तेव्हा यमूसाठी रडणं म्हणजे केशवपनाच्या विरुद्ध साक्ष देणं होतं. फडक्यांच्या पिढीने प्रेम हाच विषय केला आणि अश्रू बेकार झाले. तेव्हापासून रडवणारी प्रेमकादंबरी म्हणजे हलकी, असा आपला हिशेब आहे. मॉईजबाईंच्या कादंबरीत अश्रूंना पुन्हा काम लागलं आहे, आणि तिथेच मला या पुस्तकाशी कडाक्याचं भांडायचं आहे.

मे २०१६ मध्ये लंडनला चित्रपटाचा पहिला खेळ झाला तेव्हा अपंग कार्यकर्ते निदर्शनं करत होते. त्यांचा आक्षेप साधा होता. चाकाच्या खुर्चीत बसलेला देखणा माणूस प्रेम मिळूनही मरण निवडतो, धडधाकट मुलीला पैसे आणि मोकळं आयुष्य देऊन जातो, आणि प्रेक्षकांना ते उदात्त वाटतं. मग आम्ही रोज सकाळी उठून जगतो ते काय चुकून? शिवाय चित्रपटाची जाहिरात 'धडाडीने जगा' अशा घोषणेवर चालली होती. ज्याचा नायक मरायला निघाला आहे त्या चित्रपटाची!

कादंबरी या आक्षेपाला तयार नाही असं नाही. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर विलची खुर्ची चिखलात रुतते आणि लू अनोळखी माणसांकडे मदत मागत फिरते, तो प्रसंग चांगला आहे. तिथे अडचण शरीराची नाही, मैदानाची आहे, हे लेखिकेने पाहिलं आहे. संगणकावरून लूला सल्ला देणारे, विलसारखंच शरीर असलेले लोकही पुस्तकात आहेत आणि त्यांतले बरेच जगायला राजी आहेत. पण पुस्तकाचा तोल त्यांच्याकडे झुकत नाही, आणि का झुकत नाही हे निवेदनाची रचना पाहिली की कळतं.

कथा लू सांगते. मधूनच एकेक प्रकरण इतरांना दिलं आहे: विलची आई कॅमिला, जी स्वतः न्यायासनावर बसते, वडील स्टीव्हन, परिचारक नेथन, लूची बहीण ट्रीना. सगळ्यांना पाळी मिळते. विलला मिळत नाही. अपघाताआधीच्या प्रस्तावनेत आपण त्याच्याबरोबर असतो, आणि शेवटी त्याचं पत्र वाचतो. अपघातानंतर जिवंत असलेल्या विलच्या मनात एक पानही जात नाही. ज्याचा निर्णय सर्वस्वी त्याचा आहे असं पुस्तक शपथेवर सांगतं, त्यालाच साक्षीला बोलावलेलं नाही. त्याच्या रात्री, त्याच्या वेदना, एखादी बरी गेलेली दुपार, हे सारं आपल्याला दुसऱ्यांच्या तोंडून कळतं. लेखिकेने हे मुद्दाम केलं असणार. आत शिरलो असतो तर त्याचा निश्चय डळमळताना दिसला असता, किंवा तो निव्वळ हट्ट वाटला असता. बाहेरून तो पुतळ्यासारखा स्वच्छ दिसतो.

दुसरी गोष्ट नेथनची. विलचं अंग पुसणं, नळ्या बदलणं, उचलून ठेवणं, यातलं बरंचसं नेथन करतो. लूला नेमलं आहे सोबतीसाठी. खरं तर लक्ष ठेवण्यासाठी. म्हणजे प्रेम एकीच्या वाट्याला आणि शरीर दुसऱ्याच्या. ज्यांच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्यांना ही वाटणी लगेच खटकते. पैशाचंही तसंच. ट्रेनर मंडळींकडे वेगळं बांधलेलं घर आहे, गाडी आहे, पगारी माणसं आहेत. त्यामुळे 'मला ओझं व्हायचं नाही' हे वाक्य तिथे तत्त्वज्ञान होऊ शकतं. आपल्याकडे ते बहुतेक घरांत हिशेबाच्या वहीत लिहिलेलं असतं.

आणि मराठी वाचक या पुस्तकाकडे कोऱ्या मनाने येऊच शकत नाही. सावरकरांनी १९६६ साली अन्न सोडून प्राण ठेवले, त्याआधी आत्महत्या आणि आत्मार्पण यांत फरक करणारा लेख लिहिला होता. तो वाद आपल्या माजघरात झालेला आहे. त्याहून जवळचं नाव अरुणा शानबाग. नोव्हेंबर १९७३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिच्यावर हल्ला झाला आणि ती १८ मे २०१५ पर्यंत त्याच रुग्णालयात पडून राहिली. तिला मरण द्यावं म्हणून पिंकी विराणी यांनी अर्ज केला होता. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने काही अटींवर उपचार थांबवण्याची वाट खुली केली, पण अरुणाच्या बाबतीत नकार दिला. त्या निकालातली एक गोष्ट मला कायम थांबवते. अरुणाच्या वतीने बोलायचा अधिकार कुणाला, असा प्रश्न आला तेव्हा न्यायालयाने तिच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या विराणींना तो दिला नाही. तिला इतकी वर्षं भरवणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला.

विल बोलू शकत होता, अरुणा बोलू शकत नव्हती, हा फरक मोठा आहे; मी तो पुसत नाही. प्रौढ, शुद्धीवर असलेल्या माणसाचा निर्णय त्याचाच, हे मला मान्य आहे. विलने जाऊ नये असा कायदा असावा, असं माझं म्हणणं नाही. माझी तक्रार लेखिकेकडे आहे. जी बाई काळेपिवळे मोजे माझ्या गळ्याशी आणून ठेवू शकते, तिने त्याच हुकमतीने मला एका निष्कर्षापर्यंत ओढत नेलं, आणि वाटेत मला विचार करायला थांबू दिलं नाही. रडणं मला मान्य होतं. रडले म्हणजे पटलं, हे मला मान्य नाही. पुस्तक मिटल्यावर मी तीन-चार जणींना विचारलं, त्याने जायला हवं होतं का? प्रत्येकीने आधी सांगितलं की ती किती रडली. उत्तर कुणाकडेच नव्हतं, आणि त्या गप्पा मग रात्री अकरापर्यंत चालल्या.

मॉईजबाईंनाही ते पुस्तक सोडवेना. वाचक विचारत राहिले, पुढे लूचं काय झालं? २०१५ साली त्यांनी 'आफ्टर यू' लिहिली. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी लू पॅरिसमधल्या एका कॅफेत विलचं पत्र वाचते, आणि आता ती त्याने दिलेल्या पैशांवर भरभरून जगेल असं आपल्याला वाटायला लावलं जातं. दुसऱ्या पुस्तकात ती विमानतळावरच्या एका बारमध्ये कंटाळवाणी नोकरी करते, घेतलेल्या फ्लॅटमध्ये खोकी अजून उघडलेली नाहीत, आणि एका रात्री इमारतीच्या गच्चीवरून खाली पडते. घरच्यांना वाटतं, तिने उडीच मारली. मग ती माणसं गमावलेल्यांच्या एका गटात जाऊन बसते, जिथे सगळे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर गोल करून आपापलं सांगतात, आणि ज्याच्यावर आपण प्रेम केलं तो आपल्या डोळ्यांदेखत स्वतःहून निघून गेला, हे सांगायला तिची जीभ वळत नाही.

कादंबरी म्हणून 'आफ्टर यू' पहिलीइतकी बांधीव नाही. विलची अचानक उगवलेली मुलगी, रुग्णवाहिकेवरचा देखणा माणूस, सगळं थोडं सोयीचं आहे. मला ती वाचताना एकदाही रडू आलं नाही. पण खोकी न उघडलेला तो फ्लॅट मला विलच्या त्या सुंदर पत्राहून जास्त पटतो. वाचनालयात दोन्ही पुस्तकं आहेत. पहिल्यासाठी सध्या नाव नोंदवून ठेवावं लागतं, दुसरं लगेच मिळेल.